अजून लोड न झालेल्या कोडवर अट घालताना: जीडीबी, एलएलडीबी आणि व्हिज्युअल स्टुडिओ

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमची छोटीशी कंपनी आहे. कारखान्यांतल्या विजेच्या मीटरांचे आकडे गोळा करून ते संगणकाकडे पाठवणारा एक डबा आम्ही तयार करतो. डब्याच्या आत लिनक्सवर चालणारा, सी भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम असतो, आणि प्रत्येक जातीच्या मीटरची बोली निराळी असल्यामुळे प्रत्येकीसाठी आम्ही एकेक ड्रायव्हर स्वतंत्र लायब्ररीत ठेवला आहे. गिऱ्हाइकाच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ज्या मीटरचे नाव असेल त्याचीच लायब्ररी, प्रोग्राम चालू झाल्यानंतर, डीएलओपन या फंक्शनने उचलून मेमरीत आणली जाते. बाकीच्या डिस्कवर पडून राहतात. ही रचना विकायला आणि दुरुस्त करायला सोयीची आहे, परंतु डीबग करायला, म्हणजे चुका शोधायला, बसणाऱ्यासाठी तिच्यात एक पेच आहे. ज्या ओळीवर थांबायचे ती ओळ, थांबण्याची सूचना देतेवेळी, मेमरीत आलेलीच नसते. त्यातून ती ओळ दर सेकंदाला कितीतरी वेळा चालत असल्यामुळे नुसते थांबूनही भागत नाही. अमुक एका मीटरची पाळी आली तरच थांब, अशी अट घालावी लागते.

या कामासाठी मी तीन डीबगर, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून त्याच्या आत डोकावू देणारी साधने, वापरते: डब्यावरच्या प्रोग्रामसाठी जीडीबी, टेबलावरच्या सिम्युलेटरसाठी एलएलडीबी (तो आम्ही क्लँग या कंपाइलरने बांधतो), आणि गिऱ्हाइकाच्या विंडोज संगणकावर बसणाऱ्या कॉन्फिगरेशन प्रोग्रामसाठी व्हिज्युअल स्टुडिओ. या तिघांचे सर्व अंगांनी मूल्यमापन करण्याचा येथे हेतू नाही. न आलेल्या कोडवर सशर्त ब्रेकपॉइंट, म्हणजे अट पूर्ण झाली तरच थांबण्याची खूण, लावला तर कोण कसे वागतो, एवढ्याच प्रश्नापुरते मी लिहीत आहे, कारण गेल्या पावसाळ्यात याच प्रश्नाने आमचे दोन दिवस खाल्ले.

आधी अडचण नेमकी कोठे आहे ते सांगते. साधा ब्रेकपॉइंट म्हणजे एका पत्त्यावर केलेली अदलाबदल असते. एक्स८६ प्रोसेसरवर डीबगर त्या पत्त्यावरचा एक बाइट काढून जपून ठेवतो आणि त्याच्या जागी हेक्साडेसिमल सीसी हा बाइट लिहितो. प्रोसेसर तेथे पोहोचला की ट्रॅप होतो, म्हणजे प्रोग्राम अडतो, आणि कर्नल डीबगरला उठवतो. लायब्ररीच लोड झालेली नसेल तर असा पत्ताही नसतो, म्हणून ‘डीकोड.सी फाइलची ८८वी ओळ’ एवढे शब्द लक्षात ठेवून डीबगरला वाट पाहत बसावे लागते. अटीचे दुखणे याहून नाजूक आहे. ‘स्लेव्ह_आयडी == १७’ या अटीतले स्लेव्ह_आयडी (मीटरचा क्रमांक) हे नाव कोणत्या रजिस्टरमध्ये सापडेल किंवा स्टॅकवर किती अंतरावर असेल, त्याचा प्रकार कोणता, ही सारी माहिती त्या लायब्ररीच्या सिम्बॉलांत, म्हणजे नावांच्या नोंदींत, असते, आणि ते सिम्बॉलही अजून वाचलेले नसतात. म्हणजे जागा आणि अर्थ ही दोन्ही उधार असतात. जागेची उधारी तिन्ही डीबगर चोख फेडतात. अर्थाच्या बाबतीत मात्र प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे, आणि माझे मत त्याच फरकावरून बनले आहे: अट अखेर तपासली गेली आणि चुकीची निघाली, तर डीबगर थांबतो की गप्प राहून पुढे निघून जातो?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट अशी. एका गिऱ्हाइकाच्या कारखान्यात एकाच आरएस-४८५ तारेवर दोन वेगवेगळ्या बनावटींचे मीटर लावलेले होते, आणि त्यांतला १७ क्रमांकाच्या पत्त्यावरचा मीटर मधूनच अशक्य व्होल्टेज दाखवत असे. मॉडबस या मीटरांच्या बोलीत मीटरला १ ते २४७ यांपैकी कोणताही पत्ता देता येतो, आणि आमचा प्रोग्राम एकेका पत्त्याला पाळीपाळीने विचारत जातो. तोच संच आम्ही आमच्या बाकावर उभा केला आणि माझ्याबरोबर काम शिकायला आलेली, कलाभवनातून (इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून) नुकतीच पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलगी जीडीबी उघडून बसली. तिने आधी ब्रेकपॉइंट लावला. फाइल सापडत नाही, पुढे एखादी शेअर्ड लायब्ररी लोड होईल तोवर हा ब्रेकपॉइंट पेंडिंग (प्रलंबित) ठेवू का, असे जीडीबीने विचारले. तिने ‘वाय’ दाबले. मग कंडिशन ही आज्ञा देऊन तिने अट जोडली, आणि प्रोग्राम सोडून दिला.

तासभर काहीच झाले नाही. पडद्यावर चुकीचे व्होल्टेज दोनदा येऊन गेले तरी डीबगर जागचा हलला नाही. “ताई, १७ वर ही चूक होतच नसेल, चूक आधीच कुठेतरी होत असेल,” असे ती म्हणाली, आणि मलाही ते पटले. संध्याकाळपर्यंत आम्ही सिरियल पोर्ट वाचणारा सगळा कोड पालथा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज ‘इन्फो ब्रेकपॉइंट्स’ विचारले, तेव्हा उत्तराच्या यादीत ब्रेकपॉइंटच्या ओळीखाली १.१ या स्थानापुढे (पहिल्या ब्रेकपॉइंटची पहिली जागा), चालू-बंद दाखवणाऱ्या रकान्यात, ‘एन’ (बंद) आणि त्याच्यापुढे एक तारा होता. यादीच्या तळाशी त्या ताऱ्याची टीप होती: या स्थानी ब्रेकपॉइंटची अट अवैध आहे. मुलीने स्लेव्ह_आयडी ऐवजी स्लेव्हआयडी लिहिले होते. मधली रेघ राहून गेली होती, एवढेच.

यात जीडीबीने खोटे काही केले नाही, हे मान्य करायला हवे. अट दिली तेव्हा लायब्ररी नव्हती, म्हणून नाव बरोबर की चूक हे तपासणे त्याला शक्यच नव्हते. त्याने ती मजकूर म्हणून जपून ठेवली. लायब्ररी आली तेव्हा त्याने अट लावून पाहिली, असे नाव त्याला सापडले नाही, आणि त्याने ते स्थान बंद करून प्रोग्राम पुढे जाऊ दिला. टर्मिनलवर आमच्याच प्रोग्रामचा लॉग धो धो वाहत होता. त्यात डीबगरचे काही म्हणणे असलेच तर ते आमच्या नजरेस पडले नाही. माझा आक्षेप पुढे जाऊ देण्याला आहे. सशर्त ब्रेकपॉइंट लागला नाही, याचा अर्थ माणूस एकच काढतो: अट पूर्ण झाली नाही. ‘अट समजलीच नाही’ हा दुसरा अर्थ त्याच शांततेत दडलेला असेल, तर ती शांतता खोट्या साक्षीसारखी होते. गंमत अशी की, अट समजली असेल पण ती तपासताना काही बिनसले, उदाहरणार्थ वाचायचा पॉइंटरच कचरा निघाला, तर हाच जीडीबी अट तपासताना चूक झाल्याचे सांगून चटकन थांबतो. म्हणजे धोरण त्याला माहीत आहे. ते सगळीकडे सारखे लागू केलेले नाही.

इतके बोलून झाल्यावर त्याची बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिघांपैकी सर्वांत जास्त विचार या प्रश्नावर जीडीबीतच झालेला दिसतो. पेंडिंग ब्रेकपॉइंटची सोय त्यात २००४ मधल्या ६.१ मालिकेपासून आहे. लिनक्सवर लायब्ररी आली ही बातमी डीबगरला कर्नल देत नाही. डायनॅमिक लिंकर (लायब्ररी मेमरीत आणून जोडणारा भाग) आपल्या पोटात एक रिकामे फंक्शन बाळगतो, लायब्ररींची यादी बदलली की ते बोलावतो, आणि जीडीबी त्या फंक्शनवर आपला एक गुप्त ब्रेकपॉइंट लावून दबा धरून बसलेला असतो. नव्या जीलिबसीमध्ये (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीत) यासाठी प्रोब नावाच्या खास खुणाही ठेवलेल्या आहेत. ही बातमी लायब्ररी मेमरीत मांडून झाल्यावर, पण तिचे कन्स्ट्रक्टर (लोड होताच आपोआप चालणारी फंक्शने) चालण्याच्या आधी मिळते, त्यामुळे लायब्ररीच्या अगदी पहिल्या ओळींवरही ब्रेकपॉइंट वेळेत बसतो. इतक्या वर्षांत मला या बाबतीत एकदाही दगा झालेला नाही.

दुसरी चांगली गोष्ट सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ११व्या आवृत्तीतली आहे, आणि ती आमच्यासारख्यांसाठीच केली असावी असे वाटते. आमच्या सगळ्या ड्रायव्हरांत डीकोड.सी याच नावाची फाइल आहे. (कोणी एकाने पहिला ड्रायव्हर लिहिला आणि बाकीच्यांनी त्याची नक्कल केली, कारखान्यांत असेच चालते.) समजा, पहिला ड्रायव्हर लोड झालेला आहे, दुसरा अजून यायचा आहे, आणि स्लेव्ह_आयडी हे व्हेरिएबल फक्त दुसऱ्यात आहे. अशा वेळी ‘ब्रेक डीकोड.सी:८८ इफ स्लेव्ह_आयडी == १७’ असे लिहिले, तर जुना जीडीबी पहिल्या ड्रायव्हरमधली ८८वी ओळ शोधून काढतो, तेथे हे नाव नाही असे पाहतो, आणि ब्रेकपॉइंट लावायलाच नकार देतो. पेंडिंग ठेवू का असे विचारण्याची पाळीही येत नाही, कारण जागा त्याला सापडलेली असते. ११व्या आवृत्तीपासून नियम असा झाला की अट एका जरी स्थानी वैध असेल तर ब्रेकपॉइंट मान्य करायचा आणि जेथे ती अवैध असेल ती स्थाने तेवढी बंद ठेवायची. आणि आज कोठेच वैध नसली तरी पुढे येणाऱ्या लायब्ररीत ती वैध ठरेल अशी वापरणाऱ्याची खात्री असेल, तर ‘-फोर्स-कंडिशन’ हा शब्द घालून ती जबरीने मान्य करवता येते. कंडिशन आज्ञेलाही तसाच ‘-फोर्स’ मिळाला आहे. आम्हाला गाठलेला तो तारा याच सुधारणेबरोबर आला. उबुंटू २०.०४ वर अजून कोणी काम करत असेल तर त्याच्याकडचा जीडीबी ९ मालिकेतला असतो आणि ही सोय त्यात नाही, २२.०४ मध्ये १२ मालिकेतला आहे, तेथे ती आहे.

जीडीबी ज्यांना वापरायचाच आहे त्यांना मी आता एकच पद्धत सांगते. अट आधी देऊच नये. प्रोग्राम सोडण्यापूर्वी ‘कॅच लोड’ ही आज्ञा लायब्ररीच्या नावासह द्यावी. ती लायब्ररी मेमरीत आली की डीबगर स्वतः थांबतो. त्या क्षणी सिम्बॉल वाचलेले असतात, म्हणून तेव्हा ब्रेकपॉइंट आणि अट एकदम लिहावी. रेघ राहिली असेल तर ‘या नावाचा सिम्बॉल नाही’ असे तोंडावर उत्तर मिळते आणि चूक दोन सेकंदांत सुधारते. एक पायरी वाढते खरी, पण दोन दिवस वाचतात. दुसरी खबरदारी स्क्रिप्ट वापरणाऱ्यांसाठी. पेंडिंग ठेवू का, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि समोर माणूस नसेल तर जीडीबी तेच उत्तर स्वतः देऊन मोकळा होतो. रात्रभर चालणाऱ्या चाचणीत ब्रेकपॉइंट लागलाच कसा नाही, असे सकाळी कोणी विचारले तर मी आधी स्क्रिप्टमध्ये ‘सेट ब्रेकपॉइंट पेंडिंग ऑन’ ही ओळ आहे का ते पाहते. अर्थात ही ओळ घातली की फाइलच्या नावातली चूकसुद्धा पेंडिंग म्हणून निमूट स्वीकारली जाते, हेही ध्यानात ठेवावे.

एलएलडीबीची घडण मुळातच वेगळी आहे. त्याच्या लेखी ब्रेकपॉइंट म्हणजे एक शोधाची इच्छा. तिला सध्या शून्य स्थाने असोत, एक असो की दहा, इच्छा कायम राहते आणि नवी लायब्ररी आली की तिच्यातही आपोआप शोध होतो. म्हणून तो प्रश्न विचारत बसत नाही. स्थान सापडले नाही असा इशारा देऊन तो ब्रेकपॉइंट पेंडिंग म्हणून नोंदवतो, आणि पुढे लायब्ररी आली की ब्रेकपॉइंटला एक स्थान मिळाल्याचे सांगतो. अट तो नुसता मजकूर म्हणून ठेवतो, आणि येथे लक्षात घेण्यासारखी बाब अशी की कोड आधीच लोड झालेला असला तरी तो अट देतेवेळी तपासत नाही. पहिल्यांदा त्या ओळीवर पोहोचल्यावर तो अट कंपाइल करतो, आणि मजकूर बदलला नसेल तर पुढच्या वेळी तेच कंपाइल केलेले रूप वापरतो.

मुलीने केलेली चूक मी नंतर मुद्दाम एलएलडीबीत करून पाहिली. सिम्युलेटर सुरू झाला, लायब्ररी आली, आणि ८८व्या ओळीवर पहिल्याच मीटरच्या पाळीला तो थांबला: १.१ या ब्रेकपॉइंटची अट तपासताना चूक झाल्यामुळे थांबलो आहे, आणि खाली कंपाइलरची तक्रार, स्लेव्हआयडी हे नाव अनोळखी आहे. अट दुरुस्त करीपर्यंत दर वेळी थांबत राहतो, त्याने वैताग येतो. पण हा वैताग उपयोगाचा आहे. ज्याला अट कळली नाही त्याने थांबून विचारावे. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या रखवालदारालाही, आलेला पाहुणा यादीतला आहे की नाही हे कळले नाही, तर तो आत सोडण्याआधी वरून हाक मारून विचारतो.

एलएलडीबीचा आणखी एक गुण असा की एकाच ब्रेकपॉइंटच्या वेगवेगळ्या स्थानांना वेगवेगळी अट देता येते. पहिल्या ड्रायव्हरमध्ये पत्त्याचे नाव अॅडर आणि दुसऱ्यात स्लेव्ह_आयडी असेल, तर १.१ ला एक आणि १.२ ला दुसरी अट लावता येते. जीडीबीत अट संपूर्ण ब्रेकपॉइंटची असते आणि स्थानागणिक फक्त चालू-बंद करता येते. मात्र ज्या स्थानाचा जन्म व्हायचा आहे त्याला आधीच क्रमांक देता येत नाही, म्हणून न आलेल्या कोडपुरता हा गुण अर्धाच कामाचा राहतो. दोष म्हणाल तर तो त्याच्या उदारपणात आहे. फंक्शनच्या नावात कितीही चूक करा, तो ‘पेंडिंग’ म्हणून ठेवून घेणार, आणि कधीही न येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहत राहणार. प्रोग्राम सोडून झाल्यावर ‘ब्रेकपॉइंट लिस्ट’ पाहून स्थाने शून्यावरून पुढे सरकली की नाही हे तपासण्याची सवय या डीबगरबरोबर लावून घ्यावी लागते.

व्हिज्युअल स्टुडिओबद्दल थोडक्यात लिहिले तरी चालेल, कारण तेथे बहुतेक गोष्टी डोळ्यांना दिसतात. ज्या डीएलएलचे (विंडोजवरच्या लायब्ररीचे) सिम्बॉल अजून आलेले नाहीत तिच्या फाइलमध्ये ब्रेकपॉइंट लावला की भरीव लाल ठिपक्याऐवजी पोकळ वर्तुळ दिसते, आणि त्यावर माउस नेला की सध्या हा ब्रेकपॉइंट लागणार नाही, या फाइलचे सिम्बॉल लोड झालेले नाहीत, असे लिहून येते. डीएलएल आली की वर्तुळ भरते. सांगायला साधी गोष्ट आहे, पण काम करताना कोपऱ्यातून नजर टाकली तरी कळते की ब्रेकपॉइंट बसला. जीडीबीत त्यासाठी आज्ञा द्यावी लागते. विंडोजचा येथे एक मूळचा फायदाही आहे: डीएलएल लोड झाल्याची घटना कार्यप्रणाली स्वतः डीबगरला कळवते आणि डीबगर ‘पुढे जा’ म्हणेपर्यंत प्रोग्राम रोखून धरते, त्यामुळे लिंकरच्या पोटात दबा धरण्याची गरज राहत नाही. अटीच्या बाबतीत कागदपत्रांत लिहिलेला आणि माझ्याही अनुभवाला आलेला नियम स्वच्छ आहे. अटीचे व्याकरण चुकले तर लगेच इशारा मिळतो. व्याकरण बरोबर पण अर्थ लागत नाही असे असेल तर ब्रेकपॉइंट पहिल्यांदा लागेल तेव्हा इशारा मिळतो. आणि दोन्ही वेळी डीबगर थांबतो. अट वैध असून खोटी ठरली तरच तो पुढे जातो. मला हवे होते ते नेमके हेच वाक्य.

त्याच्या अटीच्या खिडकीत ‘बदलले तर’ असा एक पर्याय आहे, तोही सांगण्यासारखा आहे: दिलेल्या पदावलीची किंमत मागच्या वेळेपेक्षा वेगळी असेल तरच थांब. आमच्या चुकीचा छडा शेवटी अशाच विचाराने लागला. ३२ बिटांचा दशांश आकडा मॉडबसमध्ये १६ बिटांच्या दोन रजिस्टरांत येतो, आणि त्यांतले वरचे कोणते व खालचे कोणते हे बनावटीप्रमाणे बदलते. आमच्या ड्रायव्हरने हा क्रम एका स्टॅटिक (सगळ्या मीटरांसाठी एकच असलेल्या) व्हेरिएबलमध्ये ठेवला होता, आणि १६व्या पत्त्यावरचा मीटर दुसऱ्या बनावटीचा होता. १७व्याचे उत्तर उशिरा आले की १६व्याचा क्रम त्याला चिकटत असे. रेघ सुधारून ब्रेकपॉइंट नीट लागल्यावर हे दहा मिनिटांत दिसले. त्या आनंदात दोघींनी भर पावसात जाऊन शेव-उसळ खाल्ली, आणि दोन दिवसांचा हिशेब गिऱ्हाइकाला कसा सांगायचा यावर तेथेच चर्चा झाली.

व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती एकट्याने काम करणाऱ्याला फुकट असली तरी कंपन्यांना ती वापरताना माणसांच्या संख्येच्या आणि उलाढालीच्या अटी आहेत, त्या वाचून घ्याव्यात. जीडीबी आणि एलएलडीबी दोन्ही मुक्त आहेत.

ब्राउझरवरच्या डॅशबोर्डचे काम माझ्याकडे क्वचित येते, तरी व्हीएस कोड या संपादकातल्या जावास्क्रिप्ट डीबगरचा उल्लेख करावासा वाटतो. क्रोममध्ये ब्रेकपॉइंट फाइलच्या यूआरएलवर लावता येतो. ती स्क्रिप्ट नंतर आली, किंवा पान पुन्हा लोड झाले, तरी तो टिकतो, आणि अट त्याच्याबरोबरच ब्राउझरच्या इंजिनाकडे जाते. अट तपासताना अपवाद उद्भवला तर व्हीएस कोडचा डीबगर आपणहून थांबत नाही. परंतु ‘ब्रेकऑनकंडिशनलएरर’ या नावाची एक सेटिंग त्यात दिलेली आहे, आणि ती चालू केली की तो थांबतो. मूळ सेटिंग बंद ठेवलेली आहे हे मला पटत नाही. निवड वापरणाऱ्याच्या हाती दिली आहे हे मात्र आवडले. जीडीबीत अशी एखादी सेटिंग असती तर गेल्या पावसाळ्यातली ती संध्याकाळ वाचली असती.

राहिला प्रश्न वेगाचा, आणि तो आमच्या डब्यावर खराखुरा प्रश्न आहे. अट खोटी ठरली म्हणून ब्रेकपॉइंट फुकटात पार झाला, असे होत नाही. प्रत्येक वेळी ट्रॅप होतो, प्रोग्राम थांबतो, डीबगर जागा होतो, व्हेरिएबल वाचतो, अट पाहतो, मूळ सूचना एक पाऊल चालवतो आणि मग सोडतो. डबा टेबलावर आणि डीबगर लॅपटॉपवर असेल तर हा सगळा व्यवहार नेटवर्कच्या तारेवरून होतो, आणि मॉडबसचा मीटर उत्तराची ठरलेली वेळ उलटली की वाट पाहत नाही. म्हणजे चूक शोधण्यासाठी लावलेला ब्रेकपॉइंट स्वतःच नव्या चुका घडवू लागतो. येथे जीडीबी बाजी मारतो. २०१२ मधल्या ७.५ आवृत्तीपासून तो अटीचे एका लहानशा बाइटकोडमध्ये रूपांतर करून ब्रेकपॉइंटच्या सूचनेबरोबरच डब्यावर चालणाऱ्या जीडीबी सर्व्हरकडे पाठवू शकतो, आणि अट तेथल्या तेथे तपासली जाते. लॅपटॉपला फक्त खऱ्या थांब्याची बातमी येते. ‘सेट ब्रेकपॉइंट कंडिशन-इव्हॅल्युएशन’ या आज्ञेने हे ठरवता येते, आणि ‘इन्फो ब्रेकपॉइंट्स’च्या यादीत अटीपुढे ती लक्ष्य यंत्रावर तपासली जात असल्याची नोंद दिसते. एलएलडीबी अट आपल्याकडेच तपासतो, म्हणून डब्यावर मी तो नेत नाही.

पेंडिंग ब्रेकपॉइंट डब्यावर कधीच बसत नसेल, तर दोष बहुधा डीबगरचा नसतो. डब्यात जाणाऱ्या लायब्ररींतले सिम्बॉल जागा वाचवण्यासाठी आम्ही काढून टाकलेले असतात. लॅपटॉपवर त्याच बिल्डच्या, सिम्बॉल शाबूत असलेल्या प्रती ठेवून ‘सेट सिसरूट’ने जीडीबीला तो फोल्डर दाखवावा लागतो. बिल्ड एका दिवसाने जरी मागेपुढे असला तरी ८८वी ओळ भलतीकडेच पडते.

नवीन येणाऱ्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर मी आता जीडीबीच्या आरंभ-फाइलमध्ये ड्रायव्हरांसाठी ‘कॅच लोड’ची ओळ घालून देते. मुलीने तिच्या फाइलमध्ये त्या ओळीच्या वर एक टिप्पणी स्वतःहून लिहिली आहे: ‘तारा दिसतो का ते आधी बघ.’